अस्थींची घडण आणि मोड : शरीरांतर्गत नियमनाचा विचार

देवनारचे महापालिका वधगृह १९७१ मध्ये सुरू झाले. तेथून बाहेर पडणारे जनावराचे लांब हाड करवतीने मधोमध उभे कापले, तर जे दिसते ते शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुस्तकातील आकृतीपेक्षा अधिक शिकवून जाते. कडेने हस्तिदंतासारखा कठीण व घट्ट थर, दोन्ही टोकांशी जाळीदार पोकळ रचना, आणि मधल्या नळीत मज्जा. टोकांकडील जाळी मात्र वेडीवाकडी नसते. तिच्या बारीक पट्ट्या सांध्यावर भार ज्या दिशेने येतो त्या दिशेला धरून उभ्या असतात. छपराचे ओझे पेलण्यासाठी सुताराने तिरकस आधार ठोकावेत, तशी ती योजना असते. हे पाहिल्यावर एक प्रश्न सहज उभा राहतो. जनावराचे वय वाढत गेले, त्याचे वजन बदलले, चाल बदलली. मग ह्या पट्ट्या त्या त्या वेळी योग्य जागी कशा आल्या? एकदा घडवून ठेवलेली वस्तू अशी असू शकत नाही. ती सतत मोडली जात असली पाहिजे आणि सतत बांधली जात असली पाहिजे.

हाड म्हणजे शरीरातील निर्जीव सांगाडा, हा समज पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मनातूनही पुरता जात नाही. त्याला कारणेही आहेत. मृत्यूनंतर सर्व अवयव नाहीसे होतात, हाड तेवढे उरते. म्हणून जिवंतपणीही ते तसेच स्थिर असेल असे वाटते. रासायनिक दृष्ट्या पाहिले तर वाळलेल्या हाडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम व फॉस्फेट ह्यांच्या स्फटिकांचा असतो आणि उरलेला मुख्यतः कोलॅजेन ह्या प्रथिनाच्या तंतूंचा. स्फटिकामुळे हाड दाबाला टिकते, तंतूंमुळे ताणाला. हाड आम्लात ठेवून क्षार काढून टाकले तर ते रबरासारखे वाकते. जाळून तंतू नष्ट केले तर खडूसारखे चुरते. हा प्रयोग शाळेतही करता येतो. परंतु त्याने हाडाचे द्रव्य कळते, त्याचा जीवनक्रम कळत नाही.

तो कळण्यास किरणोत्सर्गी समस्थानिकांची वाट पाहावी लागली. १९३५ मध्ये कोपनहेगन येथे जॉर्ज द हेवेशी आणि ओ. चिएविट्झ ह्यांनी उंदरांना किरणोत्सर्गी फॉस्फरस खाऊ घातला आणि तो सांगाड्यात कितपत जातो हे मोजले. पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या हाडांतही तो जाऊन बसत होता, आणि काही काळाने तेथून बाहेरही पडत होता. वाढ थांबलेल्या हाडातून फॉस्फरसची ये-जा चालू होती, ह्याचा अर्थ हाडाची घडण ही अखंड चाललेली क्रिया होती. हेवेशींना पुढे १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक समस्थानिकांच्या ह्याच मागोवा-पद्धतीबद्दल मिळाले. देवनारला लागूनच असलेल्या ट्रॉम्बे येथे ऑगस्ट १९५६ मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि तेथे पुढे वैद्यकासाठी समस्थानिके तयार होऊ लागली. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना शमविण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार करण्यात आलेली सॅमेरियम-१५३ व ल्युटेशियम-१७७ ह्यांची संयुगे हेवेशींच्या निरीक्षणाचाच व्यवहारात उपयोग करतात. जेथे नवे हाड वेगाने घडत असते तेथे ही संयुगे अधिक प्रमाणात चिकटतात, आणि म्हणूनच ती नेमकी दुखऱ्या जागी पोचतात.

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी नव्याने बदलला जातो, असा आजचा अंदाज आहे. हा सरासरीचा आकडा फसवा आहे. घट्ट हाडात ही उलाढाल वर्षाला तीन-चार टक्क्यांच्या आसपास असते, तर जाळीदार हाडात ती पंचवीस टक्क्यांपर्यंत जाते. मणक्यांत आणि मांडीच्या हाडाच्या मानेत जाळीदार भाग बराच असल्याने नियमन बिघडले की त्याचा पहिला फटका ह्या जागांना बसतो. म्हातारपणी पाठ वाकते आणि घसरून पडताच खुब्याचे हाड मोडते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

ही उलाढाल करणाऱ्या पेशी दोन वेगळ्या कुळांतील असतात. हाड मोडणारी अस्थिभंजक पेशी रक्तपेशींच्या कुळातली. मज्जेत जन्मलेल्या एककेंद्रकी श्वेतपेशींचे पूर्वज एकत्र मिसळून ती बनते, आणि म्हणून तिच्यात अनेक केंद्रके असतात. ती हाडाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटते, आपल्याखाली एक बंद कप्पा तयार करते, त्यात आम्ल सोडून स्फटिक विरघळवते आणि मागोमाग विकर सोडून उघडे पडलेले कोलॅजेन तोडते. हाड बांधणारी अस्थिजनक पेशी संयोजी ऊतकाच्या कुळातली. ती प्रथम कोलॅजेनचा मऊ थर पसरते, आणि काही दिवसांनी त्या थरात क्षार भरले जातात. मऊ थर पसरणे आणि त्यात क्षार भरणे ह्या दोन क्रिया आहेत व त्या वेगवेगळ्या कारणांनी बिघडू शकतात. पुढील विवेचनात ह्या भेदाचे महत्त्व दिसून येईल.

दोन्ही पेशी टोळीने काम करतात. एखाद्या ठिकाणी आधी भंजकांची टोळी येते, दोन ते चार आठवड्यांत एक खळगा खणते आणि नाहीशी होते. मग जनकांची टोळी तोच खळगा भरावयास घेते आणि त्यास चार ते सहा महिने लावते. पाडणे लवकर आणि बांधणे सावकाश, हे चाळ पाडून इमारत उभी करताना जसे घडते तसेच येथेही घडते. ह्याचा एक अटळ परिणाम असा की काही कारणाने एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी खोदकाम सुरू झाले, तर प्रत्येक खळगा पुढे पूर्ण भरला जाणार असला तरीसुद्धा मधल्या काळात हाड कमजोर राहते. आणि खळगा भरताना दर वेळी थोडी तूट राहू लागली, तर ती तूट वर्षानुवर्षे साचत जाते.

खोदणारे गेल्यावर भरणारे नेमके त्याच जागी येतात, हे कसे? मोडलेल्या हाडातूनच पूर्वी कोंडलेली काही वृद्धिकारक प्रथिने मोकळी होतात आणि ती जनक पेशींना बोलावतात, हा त्या उत्तराचा एक भाग आहे. उलट दिशेचा दुवा मात्र कित्येक वर्षे सापडत नव्हता. हाड मोडण्याचा हुकूम देणाऱ्या अंतःस्रावांचे ग्राही भंजक पेशींवर शोधले गेले, तेव्हा ते तेथे मिळेनात. ते जनक पेशींवर मिळाले. पाडण्याची नोटीस बांधणाऱ्याच्या नावे येत होती. ह्या कोड्याचा उलगडा १९९७ व १९९८ ह्या दोन वर्षांत अमेरिका व जपान येथील संशोधकांनी जवळजवळ एकाच वेळी केला. जनक कुळातील पेशी आणि हाडात गाडल्या गेलेल्या अस्थिपेशी 'रँक-लिगँड' नावाचे एक प्रथिन पुढे करतात. ते भंजकांच्या पूर्वजांवरील 'रँक' ह्या ग्राहीला भिडले की त्यांच्यापासून पूर्ण भंजक पेशी तयार होते. त्याच पेशी 'ऑस्टिओप्रोटेजेरिन' हे दुसरे प्रथिनही सोडतात, आणि ते रँक-लिगँडला आधीच गाठून निकामी करते. किती हाड मोडावयाचे हे ह्या दोन प्रथिनांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असते. परावटू ग्रंथी, ड जीवनसत्त्व, स्त्रीमदजन, स्टेरॉइड औषधे ही सर्व हाडांच्या भंजनावर जो परिणाम करतात तो पुष्कळ अंशी ह्याच प्रमाणात फेरफार करून करतात.

येथपर्यंत यंत्रणा झाली. आता तिच्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्न. शरीरात हाडाला दोन धनी आहेत आणि त्यांच्या गरजा भिन्न आहेत. पहिला धनी म्हणजे भार. दुसरा म्हणजे रक्त.

भाराविषयी यूलियस वोल्फ ह्यांनी १८९२ मध्ये आपला नियम मांडला : हाडाची रचना त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हाताहून जाड भरते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे हाड झपाट्याने विरळ होते. अंतराळयात्री महिन्याला खुब्याच्या हाडातील सुमारे एक ते दीड टक्का खनिज गमावतात. हा भार मोजतो कोण, हे अलीकडे कळले. जनक पेशींपैकी काही आपणच बांधलेल्या हाडात गाडल्या जातात आणि 'अस्थिपेशी' बनतात. हाडातील एकंदर पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ह्याच असतात, पण त्या हलत नाहीत म्हणून फार काळ त्यांची गणना निष्क्रिय पेशींत होत असे. सूक्ष्म नलिकांतून त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाड किंचित वाकले की नलिकांतील द्रव हलतो व ती हालचाल त्यांना जाणवते. भार नसेल तर त्या 'स्क्लेरोस्टिन' हे प्रथिन सोडून जनक पेशींना आवर घालतात. भार आला की हा आवर सैल होतो. दक्षिण आफ्रिकेतील काही कुटुंबांत आनुवंशिक दोषामुळे हे प्रथिन तयार होत नाही आणि त्यांची हाडे आयुष्यभर जाड होत राहतात. त्या दोषाचे जनुक २००१ मध्ये सापडले आणि त्यावरून स्क्लेरोस्टिनचे कार्य उघड झाले.

दुसऱ्या धन्याचा हिशेब अधिक कडक आहे. प्रौढ शरीरात सुमारे एक किलो किंवा त्याहून थोडे अधिक कॅल्शियम असते. त्यातील ९९ टक्के हाडांत. रक्तरसातील सर्व कॅल्शियम एकत्र केले तर ते अर्धा ग्रॅमही भरणार नाही. पण हृदयाचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेशवहन, रक्त गोठणे हे सर्व त्या अर्ध्या ग्रॅमच्या आतील संचयावर चालते. रक्तरसाच्या दर १०० घन सेंटिमीटरांत ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. ती खाली घसरली तर स्नायूंना पेटके येतात, झटके येतात, प्रसंगी मृत्यू ओढवतो. हाड विरळ झाले तर माणूस वीस वर्षांनी पडून खुबा मोडेल; रक्तातील कॅल्शियम घसरले तर तो आजच धोक्यात येईल. शरीर ह्या दोहोंत निवड करावयाची वेळ येते तेव्हा रक्ताची बाजू घेते. हाडाची मजबुती ही त्या निवडीत गहाण पडते.

ही निवड अमलात आणणारी परावटू म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी. मानेतील अवटू ग्रंथीच्या मागे, मसुराच्या डाळीएवढ्या, बहुधा चार. तिच्या शोधाची हकीकत भारताला जवळची आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या एका भारतीय गेंड्याचे शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन ह्यांनी १८५० च्या सुमारास ती प्रथम पाहिली. माणसातील ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील ईव्हार सँडस्ट्रोम ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १८८० मध्ये प्रसिद्ध केले, पण त्यांचे कार्य त्या वेळी कोणासच माहीत नव्हते. १९२५ मध्ये व्हिएन्ना येथे फेलिक्स मांडल ह्यांच्याकडे ट्रॅमवरील एक वाहक आला. त्याची हाडे पोखरली जाऊन मोडत होती. ग्रंथी कमी पडते म्हणून हाडे झिजतात, असे त्या काळचे मत. त्यानुसार मांडलनी प्रथम त्याच्या शरीरात परक्या ग्रंथीचे कलम केले. सुधारणा काहीच झाली नाही. मग त्यांनी उलट बाजूने विचार करून मान उघडली, वाढलेली ग्रंथी काढली, आणि रुग्ण चालू लागला. पुढे काही वर्षांनी रोग उलटला हा भाग वेगळा. त्याच वर्षी कॅनडामध्ये जे. बी. कॉलिप ह्यांनी बैलांच्या परावटू ग्रंथींचा परिणामकारक अर्क काढला आणि त्याने रक्तातील कॅल्शियम वाढते हे दाखविले. पुढे १९९३ मध्ये ह्या ग्रंथीतील पेशींना रक्तातील कॅल्शियम कसे कळते, हे ज्या ग्राहीमुळे समजले, तो ग्राहीही गुराच्याच परावटू ग्रंथीतून ओळखला गेला. कॅल्शियमच्या नियमनाविषयीचे आपले पुष्कळसे ज्ञान जगभरच्या वधगृहांत टाकून दिल्या जाणाऱ्या मसुराएवढ्या मांसातून आलेले आहे.

ग्राहीवरील कॅल्शियम किंचित कमी झाले की काही सेकंदांत ग्रंथी आपला स्राव सोडते. रक्तात त्याचे आयुष्य फार थोडे, काही मिनिटांचे. म्हणून नियंत्रण बारीक राहते. त्याची कामे तीन. मूत्रपिंडांतून निसटणारे कॅल्शियम तो परत ओढतो, आणि हा परिणाम मिनिटांत दिसतो. मूत्रपिंडांतच तो ड जीवनसत्त्वाचे शेवटचे, क्रियाशील रूप तयार करवितो. हे रूप आतड्याला अन्नातील कॅल्शियम शोषावयास लावते. त्यास एक-दोन दिवस लागतात. आणि हाडात तो रँक-लिगँड वाढवून भंजनास चालना देतो. येथे एक अडचण होती. हाड विरघळले म्हणजे कॅल्शियमबरोबर फॉस्फेटही रक्तात येणार, आणि दोन्ही वाढली की ती पुन्हा एकत्र येऊन साचणार. परावटूचा स्राव मूत्रपिंडांकरवी फॉस्फेट बाहेर टाकवितो, आणि ती अडचण दूर होते. क्रिया पूर्ण झाली, कॅल्शियम पूर्ववत झाले, की ग्राही भरतो व स्राव थांबतो.

ह्या यंत्रणेत विलंब किती असतो, हे दुभत्या जनावरात उघड दिसते. आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. तेथील किंवा इतरत्रच्या कोणत्याही तबेल्यात भरपूर दूध देणारी म्हैस किंवा गाय व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत अचानक बसली, मान वळवून पडून राहिली, अंग थंड पडले, तर जाणता पशुवैद्य दुग्धज्वर ओळखतो. नावात ज्वर असला तरी ताप नसतो. चिकामधून इतके कॅल्शियम एकाएकी बाहेर जाते की मूत्रपिंड पुरे पडत नाहीत, आतडे अजून तयार नसते आणि भंजक पेशी जमावयास दिवस लागतात. हाडांत किलोगणती कॅल्शियम असून जनावर कॅल्शियमवाचून मरते. शिरेतून कॅल्शियम दिले की ते बहुधा थोड्याच वेळात उठते. ह्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट बोडा व कोल ह्यांनी १९५४ मध्ये दाखविली. व्यायच्या आधीच्या आठवड्यांत कॅल्शियम कमी असलेला आहार दिला तर हा रोग टळतो. आधी कॅल्शियम विपुल मिळाल्यास परावटू ग्रंथी सुस्त राहते आणि ऐन वेळी यंत्रणा जागी होत नाही. आधी थोडी टंचाई सोसलेले जनावर सज्ज असते.

माणसात ह्या यंत्रणेचा सर्वात कच्चा दुवा ड जीवनसत्त्वाचा आहे. त्यास जीवनसत्त्व म्हणण्याचा प्रघात पडला. वस्तुतः ते त्वचेत तयार होणारे, अंतःस्रावासारखे वागणारे द्रव्य होय. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी त्वचेतील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर पडून ते निर्माण होते. मग यकृतात व नंतर मूत्रपिंडात त्यात एकेक बदल होऊन ते कामास लागते. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. पावसाळ्यातील ढग सोडले तर येथे ऊन कमी पडावयाचे कारण नाही. म्हणूनच भारतात मुडदूस व अस्थिमार्दव ह्यांना वाव नसावा अशी पुष्कळांची कल्पना होती.

ती चुकीची असल्याचे महाराष्ट्रातच दाखवून दिले गेले. एच. एस. हचिसन ह्यांनी पी. टी. पटेल व एस. जे. शहा ह्या सहकाऱ्यांबरोबर नाशिक येथे केलेले अभ्यास १९२१ व १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार बरा असलेल्या परंतु पडदा पाळणाऱ्या, घराबाहेर न पडणाऱ्या वरच्या थरातील मुसलमान व हिंदू कुटुंबांत मुलींना व तरुण स्त्रियांना उशिरा होणारा मुडदूस त्यांना आढळला. अन्न कमी व निकृष्ट, पण दिवसभर शेतात राबणाऱ्या गरीब कुटुंबांत तो जवळजवळ नव्हता. त्या काळी युरोपात मुडदुसाचे कारण आहारात आहे की प्रकाशात, ह्याविषयी वाद चालला होता. नाशिकच्या निरीक्षणाने प्रकाशाची बाजू भक्कम केली. अर्थात आहाराची बाजूही खोटी नव्हती. कॉड माशाच्या तेलाने मुडदूस बरा होतो हेही खरेच होते. दोन्ही वाटा एकाच द्रव्याकडे जात होत्या, हे स्पष्ट होण्यास आणखी काही वर्षे लागली. नाशिकच्या अभ्यासाची आठवण आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच असते, ही खेदाची गोष्ट आहे.

एका शतकानंतर देवनार-गोवंडी भागात त्या अभ्यासाची बाजू उलटलेली दिसते. नाशिकला उन्हाचे दुर्भिक्ष संपन्नांच्या घरी होते. येथे ते गरिबांच्या वाट्यास आले आहे. महापालिकेच्या एम-पूर्व विभागात प्रकल्पग्रस्तांसाठी उभ्या केलेल्या पुनर्वसन वसाहतींत सात-सात मजली इमारती एकमेकींपासून अवघ्या काही मीटरांवर आहेत. 'डॉक्टर्स फॉर यू' ह्या संस्थेने २०१८ मध्ये लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आदी वसाहतींची पाहणी केली, तेव्हा घरात येणारा प्रकाश व हवा ह्यांचा अभाव आणि क्षयरोगाचा प्रादुर्भाव ह्यांचा संबंध तिला आढळला. ती पाहणी क्षयाची होती, हाडांची नव्हती. शिवाय खिडकीच्या काचेतून येणारा प्रकाश ड जीवनसत्त्वाच्या कामाचा नाही. काच नेमक्या त्याच लहरी अडविते. हाडांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती अंगावर प्रत्यक्ष ऊन पडेल अशी मोकळी जागा आणि तेथे भर दुपारच्या आसपास, म्हणजे सावली आपल्या उंचीहून आखूड असताना, काही काळ उभे राहण्याची मुभा. घरातच जरीकाम किंवा इतर किरकोळ काम करणाऱ्या, बाहेर पडताना अंग पूर्ण झाकणाऱ्या आणि दूध-मासे परवडत नसलेल्या स्त्रीला ह्यांपैकी काहीच मिळत नाही. तरीही हा केवळ गरिबीचा प्रश्न मानणे चूक ठरेल. मुंबईतील एका शिक्षण-रुग्णालयातील निवासी वैद्यांच्या तपासणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या तरुण, सुशिक्षित वैद्यांपैकी बहुसंख्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाची न्यूनता निघाली. ते दिवसाचा उजेड असेतो वॉर्डात असतात, एवढे कारण पुरेसे आहे.

अशा व्यक्तीच्या शरीरात पुढे काय घडते? आतडे पुरेसे कॅल्शियम शोषीत नाही. रक्तातील प्रमाण किंचित घसरू लागते, परावटू ग्रंथी अधिक स्राव सोडते आणि हाडातून तूट भरून काढते. रक्ताची तपासणी केली तर कॅल्शियम बहुधा ठीकच आढळते. आणि 'कॅल्शियम नॉर्मल आहे' असे सांगून रुग्णाला परत पाठविले जाते. ते ठीक आढळते ते हाडाच्या खर्चाने. त्याच वेळी फॉस्फेट मूत्रावाटे जाते, आणि नव्या हाडाच्या मऊ थरात भरावयास क्षार उरत नाहीत. मागे म्हटलेल्या दोन क्रियांपैकी दुसरी येथे बिघडते. थर पसरला जातो पण कठीण होत नाही, आणि अस्थिमार्दव होते. अंगभर दुखणे, जिना चढताना मांड्यांत बळ नसणे, बदकासारखी डुलती चाल ही त्याची लक्षणे. अस्थिविरलतेत ह्याहून वेगळे घडते. तेथे जे हाड आहे ते नीट भरलेले असते, पण कमी असते. घनता मोजणारे यंत्र दोन्हींत कमीच आकडा दाखविते, कारण ते खनिज मोजते, रचना पाहत नाही. दोहोंचे उपचार निराळे असल्याने हा गोंधळ महाग पडतो.

स्त्रीच्या आयुष्यात ह्या हिशेबावर आणखी दोन प्रसंगी ताण येतो. स्तनपानाच्या काळात स्तनातून परावटूच्या स्रावासारखेच एक द्रव्य निघते, स्त्रीमदजन कमी असते, आणि मातेच्या मणक्यांतील खनिज काही महिन्यांत काही टक्क्यांनी उतरते. मूल अंगावरून सुटले की ते बहुतांशी भरून येते. शरीराने नियमपूर्वक घेतलेले हे कर्ज म्हणावयास हरकत नाही. दुसरा प्रसंग रजोनिवृत्तीचा. स्त्रीमदजन रँक-लिगँडला लगाम घालते आणि भंजक पेशींचे आयुष्य कमी करते. ते गेले की खळगे वाढतात, खोल होतात आणि भरणे मागे पडते. रजोनिवृत्ती आणि विरल हाड ह्यांचा हा संबंध फुलर ऑलब्राइट ह्यांनी १९४१ मध्ये स्पष्ट मांडला. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती पाश्चात्त्य स्त्रीच्या सरासरीहून काही वर्षे आधी येते, आणि शस्त्रक्रियेने ती आणखी आधी आणता येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांवर मोठ्या संख्येने झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. त्या शस्त्रक्रियेबरोबर अंडाशयही काढले गेले असेल तर त्या तरुण स्त्रीच्या हाडांची रजोनिवृत्ती त्या दिवसापासून सुरू होते. आणि तिचे पोट तर डोक्यावर मोळी वाहण्यावर अवलंबून असते. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील भारतीयांची जी मोठी पाहणी सुरू केली, तीत हाडे व सांधे ह्यांच्या विकारांविषयी प्रश्न होते. पण विरल हाड मोडेपर्यंत बोलत नाही. त्यामुळे विचारून मिळालेल्या उत्तरांत त्याचा खरा पसारा येणे कठीण असते.

औषधे ह्या यंत्रणेच्या ज्या कळीवर बोट ठेवतात त्यावरून ती यंत्रणा पुन्हा तपासता येते. परावटूचा स्राव सतत वाढलेला असला तर हाड पोखरले जाते, हे व्हिएन्नाच्या वाहकाने दाखविले. तोच स्राव, किंवा त्याचा ३४ ॲमिनो आम्लांचा तुकडा, दिवसातून एकदाच टोचला तर हाड वाढते. २००२ पासून अमेरिकेत तो औषध म्हणून मान्य आहे. थोडा वेळ येऊन गेलेला हुकूम जनक पेशींना कामास लावतो, आणि सतत चालू राहिलेला हुकूम भंजकांची भरती करतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे हाडातच चिकटून राहतात व भंजक पेशींना मारतात. डेनोसुमॅब हे प्रतिपिंड रँक-लिगँडला धरून ठेवते. त्याचा दर सहा महिन्यांचा डोस चुकला तर दबून राहिलेले भंजक एकाच वेळी कामास लागतात, आणि काही रुग्णांत एकामागून एक मणके मोडतात. म्हणून ते औषध थांबवावयाचे असेल तर त्याच्या जागी दुसरे भंजनरोधक औषध सुरू करूनच थांबवितात.

ह्या औषधांच्या बाबतीत देवनारच्या रुग्णालयीन व्यवहारात एक गोष्ट विशेष जपावी लागते. ज्या स्त्रीच्या रक्तातील ड जीवनसत्त्व अगदी कमी आहे, तिच्या रक्तातील कॅल्शियम हाडांच्या भंजनावरच तोलून धरलेले असते. अशा वेळी घनतेचा कमी आकडा पाहून तिला भंजन थांबविणारे प्रभावी औषध टोचले, तर तिच्या रक्ताचा शेवटचा पुरवठा बंद होतो. काही दिवसांत ओठांना मुंग्या येतात आणि हातांची बोटे आखडतात. म्हणून टोचण्यापूर्वी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फेट व अल्कलाइन फॉस्फॅटेज पाहून आधी तूट भरून काढण्याचा परिपाठ आहे. ती भरून काढतानाही पहिले काही आठवडे अल्कलाइन फॉस्फॅटेज कमी न होता उलट वाढते, कारण इतके दिवस क्षारांची वाट पाहत पडलेले मऊ थर आता भरले जाऊ लागतात. हा वाढलेला आकडा पाहून उपचार थांबविण्याचे कारण नसते.